दीड दिवसाची वाट

आमच्या घरमालकाच्या गॅरेजमध्ये गाडी नव्हती, एक अख्खा देश होता. जमिनीवर मातीचे डोंगर केलेले, निळ्या नायलॉनच्या दोरीच्या नद्या सोडलेल्या, शहरांच्या जागी सिमेंटच्या पाइपांचे तुकडे उभे केलेले. वर एक मुलूख, खाली एक मुलूख आणि दोन्हींना जोडणारी मधे एक चिंचोळी पट्टी. पट्टीच्या दोन्ही अंगांना समुद्र म्हणून ताडपत्री अंथरलेली. गाडी बिचारी बाहेर पावसात भिजायची.

मी तिथं पहिल्यांदा गेलो तो फावडं मागायला. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला, अवोन्डेल भागात, माझ्या मुलानं या मालकाचं पुढचं घर भाड्यानं घेतलं होतं. मागच्या दोन खोल्यांत म्हातारा स्वतः राहायचा. मला परसात मेथी लावायची होती. गेलो तर हा गुडघ्यांवर बसून एका नदीची दोरी सारखी करतोय. वळूनसुद्धा न बघता त्यानं विचारलं, "तू एका दिवसात किती चालतोस?"

माझं शिक्षण चौथी. इंग्रजी जेवढं येतं तेवढं ओव्हरसियरच्या शिव्या खाऊन आलेलं. पण 'वॉक' कळलं आणि 'वन डे' कळलं. म्हटलं, "ट्वेंटी माईल. लोड, फिफ्टीन."

तो उठला, पँटीला हात पुसले आणि माझा हात धरून बराच वेळ सोडलाच नाही. त्या देशात येऊन मला तीन महिने झाले होते. तोवर प्रत्येक जण मला सांगतच होता. आबा, हे बटण दाबू नका, आबा, तिथून रस्ता ओलांडू नका. मला येतं ते विचारणारा हा पहिलाच माणूस भेटला.

मी मैलकुली. हल्लीच्या पोरांना हा शब्द माहीत नसतो म्हणून सांगतो. सरकारी बांधकाम खात्यात रस्त्याचे ठरावीक मैल एकेका माणसाच्या ताब्यात असायचे. खड्डे बुजवायचे, गटारं उकरायची, झुडपं तोडायची, फर्लांगाच्या दगडांना चुना मारायचा. बत्तीस वर्षं मी हे केलं आणि कुणाच्या बापाला घाबरून केलं नाही. फर्लांग म्हणजे मैलाचा आठवा भाग, माझ्या पावलानं दोनशे चौसष्ट पावलं. डोळे बांधून चालवलं तरी दोनशे पासष्ट व्हायची नाहीत.

म्हातारा निघाला तोही रस्त्यावरचाच. आधी कौन्सिलचा रस्ता सपाट करायचा ग्रेडर चालवायचा, नंतर पेनरोजला पाइपांच्या कारखान्यात होता. डांबर नसलेल्या खडीच्या रस्त्याला तिकडं 'मेटल रोड' म्हणतात. आम्हीही खात्यात खडीला मेटलच म्हणायचो. माझा मुलगा कॉम्प्युटरचा एवढा मोठा इंजिनीयर, पण त्याला वाटलं लोखंडाचा रस्ता. मी आणि म्हातारा एकमेकांकडे बघून असे हसलो की मुलगा रागावून आत गेला. त्या दिवसापासून आमचं जमलं. सून मला आबा म्हणते ते ऐकून तोही आबा म्हणायला लागला. माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा, सत्तरी ओलांडलेला माणूस, आणि मला आबा! मी त्याला मालक म्हणायचो. त्याला वाटायचं ते माझ्या भाषेतलं काहीतरी मानाचं आहे. तसं ते होतंही.

तो गॅरेजमधला देश काय भानगड आहे ते मला माझ्या सुनेनं, वैशालीनं समजावून सांगितलं. ती तिथल्या हॉस्पिटलात नर्स. म्हातारा माओरी, म्हणजे मूळचा तिथलाच, आणि धर्मानं मॉर्मन, म्हणजे ख्रिस्ती लोकांतला एक पंथ. त्या लोकांच्या ग्रंथात असं आहे की फार पूर्वी काही माणसं जेरुसलेमहून होडीत बसून अमेरिकेला गेली, तिथं त्यांनी शहरं बांधली, आपसात लढाया केल्या आणि संपली. आता ही शहरं नेमकी कुठं होती यावर मोठं भांडण आहे. एक पक्ष म्हणतो अमेरिका खंडाच्या मध्यभागी, जिथं जमीन अरुंद होते तिथं. दुसरा म्हणतो छे, वर मोठमोठी तळी आहेत त्यांच्या काठी. आणि बाहेरचे विद्वान म्हणतात कुठंच नाही, कारण असं काही घडलेलंच नाही.

"आणि मालक काय म्हणतो?" मी विचारलं.

"त्यांचं तिसरंच आहे, आबा. ते म्हणतात दोघांनीही पायी चालून बघितलेलं नाही."

हे मला एकदम पटलं.

सगळं अडलं होतं एका अंतरावर. ती जी चिंचोळी पट्टी, ती या समुद्रापासून त्या समुद्रापर्यंत दीड दिवसाची वाट आहे, असं ग्रंथात लिहिलंय. पण कुणाचा दीड दिवस? ओझं घेऊन का मोकळा? डोंगरातून का सपाटीनं? अमेरिकेतले प्रोफेसर यावर जाड जाड पुस्तकं लिहितात म्हणे. म्हातारा त्यांना पत्रं पाठवायचा. सहा-सात पानांची, हातानं लिहिलेली. एकदा एकाचं उत्तर आलं, अगदी सभ्य, चार ओळींचं. म्हाताऱ्यानं ते वाचलं, घडी घातली आणि हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारलं. म्हणाला, "हा माणूस बसून विचार करतो."

बसून विचार करणं ही त्याच्या लेखी सगळ्यात मोठी शिवी.

तो स्वतः अनवाणी चालायचा. बँकेत अनवाणी, दवाखान्यात अनवाणी. चर्चला जाताना मात्र काळे बूट घालायचा आणि दारातून बाहेर पडला की काढून हातात धरायचा. चहा प्यायचा नाही, कॉफी नाही, दारू-तंबाखूचं तर नावच नको. मी पहिल्यांदा त्याच्या घरी गेलो तेव्हा त्यानं मला कपभर गरम पाणी दिलं, त्यात लिंबाची फोड. मी म्हटलं पाहुण्याला असं कोण करतं! दुसऱ्या वेळी मी घरून थर्मास घेऊन गेलो. तो समोर बसून माझ्या चहाचा वास घ्यायचा, आणि वास घेणं ग्रंथात मना केलेलं नाही म्हणायचा.

रविवारी कामधंदा नाही, खरेदी नाही. अवोन्डेलचा रविवारचा बाजार आमच्या घरापासून पायी दहा मिनिटांवर. कोथिंबीर, मेथी, कारली, सगळं तिथं मिळतं. म्हातारा तीस वर्षं त्या घरात राहिला, पण तो बाजार त्यानं डोळ्यांनी बघितला नव्हता. दहा मिनिटांवर काय विकतात ते माहीत नाही, आणि दोन हजार वर्षांपूर्वीची नदी कुठून कुठं वाहायची ते मात्र बोटानं दाखवायचा. आणखी एक. हा माणूस जन्मात कधी न्यूझीलंडबाहेर गेला नव्हता. मी एकदा सुनावलं, "यू नो गो अमेरिका. यू आल्सो सिटिंग."

त्यानं स्वतःच्या अनवाणी पायांकडे बघितलं. मग म्हणाला, "म्हणून तर इथं चालतो."

त्याच्या भिंतीवर त्याच्या पूर्वजांची नावं होती, छतापासून जमिनीपर्यंत. ते लोक त्याला फाकापापा म्हणतात. आमच्याकडं बैल घेऊन हेळवी यायचे आणि उभ्या उभ्या तुमच्या खापरपणजोबापर्यंतची नावं म्हणून दाखवायचे, तसा हा म्हणायचा. उभं राहून, डोळे मिटून, एका दमात. सगळ्यात शेवटी, म्हणजे सगळ्यात वर, एक रिकामी जागा सोडलेली होती. त्या ग्रंथात एक जहाजं बांधणारा माणूस आहे. तो त्या चिंचोळ्या पट्टीजवळून जहाज घेऊन निघाला आणि परत कुणाला दिसला नाही. तिथले बरेच माओरी मॉर्मन मानतात की तो इकडंच आला आणि आपण त्याची लेकरं. म्हाताऱ्याचं म्हणणं, मधली नावं सापडली की ती रिकामी जागा भरायची.

खरं-खोटं मला विचारू नका. आमच्या डोंगरावर एका कातळात खळगा आहे, तो देवाच्या घोड्याच्या टापेचा म्हणतात. मी त्यात पाणी घालून, नमस्कार करून आलोय. घोडा केवढा होता, टाप एवढी तर उंची किती, हे आमच्यात कुणी विचारलं नाही. म्हातारा असता तर दोरी घेऊन पोचला असता.

चर्चवाले पण त्याला कंटाळले होते. तो रविवारी तिथं मोठ्या माणसांचा वर्ग घ्यायचा. त्यांच्या प्रमुखानं गोडीत सांगितलं, ग्रंथाप्रमाणे जगायचं कसं ते शिकव, त्यातलं कुठं घडलं ते सोड, त्यावर चर्चचं काही म्हणणं नाही. म्हातारा म्हणाला, "घर कुठं आहे ते माहीत नसेल तर त्यात राहायचं कसं?"

चर्चवाल्यांचं त्याला काही वाटत नव्हतं. वाटायचं ते लेकीचं.

त्याला एकच लेक, चाळिशीची. आमच्या वैशालीच्या हॉस्पिटलात लॅबमध्ये होती, रक्त तपासायची. बायको गेल्यावर म्हाताऱ्याला तीच. मी तिकडं पहिल्या खेपेला गेलो तेव्हा ती दर रविवारी जेवायला यायची आणि दर रविवारी भांडून जायची. आम्हालाही जेवायला बोलवायचा तो. भाजलेलं मटण, कुमारा म्हणजे तिकडचं रताळं, आणि माझी लसणाची चटणी. मटण संपेपर्यंत सगळं ठीक असायचं. मग म्हातारा नकाशाचं काढायचा आणि लेकीचा पारा चढायचा.

"डॅड, रक्त खोटं बोलत नाही. आपण तैवानच्या बाजूनं आलो. बेटाबेटांवरून. जेरुसलेमचा काही संबंध नाही."

"होडीनंच आलो ना?"

"होडीनंच."

"मग? होडी बांधणारा कोणीतरी होता."

"हे उत्तर नाही, डॅड!"

"मग तुझ्या रक्ताला विचार होडी कोणी बांधली."

माझी नात हळूच म्हणायची, "आबा, दे आर फायटिंग अगेन," आणि मी तिला म्हणायचो, जेव तू.

पुढं मुलाकडं दुसऱ्या खेपेला मी गेलो तेव्हा लेक यायची बंद झाली होती. वैशालीनं सांगितलं, चर्चमध्येच सगळ्यांसमोर दोघांची जुंपली. लेकीनं तिथंच सांगितलं की मी हे मानत नाही, आणि म्हातारा सगळ्यांदेखत म्हणाला की मग तुझी आई कुठं गेली असं तुला वाटतं? तेव्हापासून ती फाटकापर्यंत यायची, त्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या द्यायची आणि तिथूनच परत जायची. म्हातारा रविवारी तिचं ताट मांडायचा. असा हट्टी. माझ्यासारखाच.

एकदा ती अशीच गोळ्या द्यायला आली. मी आणि वैशाली मेथीला पाणी घालत होतो. म्हातारा फाटकाशी गेला आणि आजूबाजूला न बघता म्हणाला, "पट्टी तीस मैलांची आहे. आता खात्री झाली. तीस धरले तरच बाकीच्या नद्या जुळतात."

लेकीनं कपाळाला हात लावला. "तीस मैल दीड दिवसात? डोंगरातून?"

"सहज."

"तू चालशील?"

"चालेन."

मग ती जे बोलली ते वैशालीनं मला तिथल्या तिथं मराठीत सांगितलं. "चालून दाखव. तीस झाले तर मी तुझ्या वर्गात येऊन बसेन, सगळं ऐकेन, तोंड उघडणार नाही. नाही झाले, तर मी दर रविवारी जेवायला येईन, आणि तू त्या नकाशाबद्दल एक अक्षर काढायचं नाहीस. कधीच."

"मोजणार कोण?" म्हाताऱ्यानं विचारलं आणि स्वतःच माझ्याकडे बोट केलं. "आबा."

"तो तर तुझा भाडेकरू."

मला राग आला. छाती पुढं काढून म्हटलं, "आय मैलकुली. गव्हर्नमेंट."

दोघंही हसली. त्या दोघांना एकत्र हसताना मी तेव्हा बऱ्याच दिवसांनी बघितलं.

घरी वैशालीनं मला फैलावर घेतलं. "आबा, प्लीज, त्यांच्या फॅमिली मॅटरमध्ये कशाला पडताय? आणि तुमचे गुडघे? रात्री तेल कोण चोळणार, मीच ना?"

"तू नको चोळू. मालक चोळेल," मी म्हटलं.

डिसेंबर होता, तिकडचा उन्हाळा. शुक्रवारी सूर्य उगवताना निघालो. दीड दिवस म्हणजे शनिवारी दुपारी बाराला थांबायचं. रविवार मधे येता कामा नये. मोटारीनं मोजता येऊ नये म्हणून म्हाताऱ्यानं वाट अशी निवडली होती की थोडा किनारा, थोडी रानातली पायवाट, डोंगर, आणि मधे मेटल रोड. त्याच्या पाठीवर उकडलेले कुमारे आणि पाणी, माझ्या पिशवीत पोळ्या आणि चटणी. मोजायची माझी जुनी रीत. खिशात आठ खडे. एक फर्लांग झाला की एक खडा उजव्या खिशातून डाव्या खिशात. आठही गेले की मैल झाला, सुतळीला एक गाठ. चढावर पाऊल आखूड पडतं, तिथं फर्लांगाला तीनशे धरायची. हे मी तुम्हाला सांगतोय, पण मनात मोजत असताना कुणाशी बोलायचं नाही हा नियम. म्हाताऱ्याला हा नियम फार आवडला.

त्या दिवशी तो नकाशाबद्दल काही बोलला नाही. रान असं की वर आभाळ दिसेना, झाडांसारखे मोठाले नेचे. तो पुढं, मी मागं. त्याचे तळवे बघत मी चाललो होतो. काळे, रुंद, भेगा पडलेले, पण चिखलात कुठं पाय ठेवायचा ते त्यांना आपोआप कळत होतं. खरा चालणारा माणूस पाठीमागून ओळखू येतो.

जेवायला थांबलो तेव्हा मी खडे जमिनीवर मांडून ठेवले, म्हणजे हिशेब सुटायला नको, आणि विचारलं, "मालक, व्हाय? ऑल धिस, व्हाय?"

तो सावकाश बोलला, मला कळावं म्हणून. अर्धं तेव्हा कळलं, अर्धं मी नंतर वैशालीकडून नीट करून घेतलं. म्हणाला, त्या एवढ्या जाड ग्रंथात त्या जहाजवाल्याबद्दल फार थोडं आहे. तो गेला, आणि त्याचं काय झालं ते आम्हाला माहीत नाही, एवढंच. "माझ्या लोकांबद्दल ग्रंथाला एवढंच माहीत आहे, आबा, की आम्ही परत आलो नाही. कोणीतरी तिकडं कळवायला नको का, की आम्ही पोचलो?"

मी पोळीचा तुकडा त्याच्या हातात दिला. दुसरं काय करणार.

संध्याकाळपर्यंत अठरा गाठी झाल्या. त्याच्या एका चुलतभावाच्या शेतावर शेडमध्ये झोपलो. सकाळी बारा मैल राहिलेले, आणि तेही अर्ध्या दिवसात. त्यानं वेग वाढवला. एकोणिसाव्या मैलाला मेटल रोडवर नवी खडी पडलेली होती, धारदार. खडी टाकली की वर मुरूम दाबायचा असतो, ते त्या लोकांनी केलं नव्हतं. माझ्या खात्यात असं झालं असतं तर मी ओव्हरसियरला उभा केला असता. म्हाताऱ्याचा तळवा कापला. मी माझे बूट काढून पुढं केले. त्यानं मान हलवली, रुमाल बांधला आणि चालू लागला. पण त्याचं पाऊल आता लहान पडत होतं, आणि त्यामागं माझंही. तेही मी धरलं. दोनशे चौसष्टच्या जागी तीनशे दहा.

बारा वाजले तेव्हा आम्ही समुद्राकडं उतरणाऱ्या वळणावर होतो. तो थांबला. रस्त्याच्या कडेला लेकीची गाडी आधीच उभी होती. ती सकाळपासून वेगवेगळ्या वळणांवर येऊन थांबत होती, हे मला मागून कळलं. तिनं आधी बापाचा पाय बघितला, गाडीतून पाण्याची बाटली आणली आणि जखम धुतली. मग माझ्याकडे वळली.

"आबा, हाऊ मेनी?"

म्हातारा माझ्याकडे बघत नव्हता. समुद्राकडे बघत होता.

सुतळी माझ्या हातात होती. आणखी तीन गाठी मारायला कितीसा वेळ लागतो? त्या रानात कोण मोजायला जाणार होतं? पण एकदा एका साहेबानं मला सांगितलं होतं की दुरुस्ती केलेला रस्ता अर्धा मैल जास्त सांग. मी सांगितला नाही. माझी बदली झाली, बायकोपोरांना घेऊन दुसऱ्या गावात गेलो, पण जीभ फिरवली नाही. ती आता कशी फिरणार?

"ट्वेंटी सेव्हन," मी म्हटलं. "अँड थ्री फर्लांग."

लेकीनं सुतळीवरच्या गाठी बघितल्या. मग हळूच म्हणाली, "डोंगर होता. चुकलं असेल का कुठंतरी? थोडंसं?"

मी ताठ झालो. "नो. मैलकुली नो मिस्टेक."

म्हातारा तेव्हा वळला. "आबा म्हणतो तेवढंच," तो म्हणाला आणि लंगडत गाडीत जाऊन बसला.

घरी मी वैशालीला सगळं सांगितलं, जरा फुशारकीनंच. तेल चोळता चोळता तिचा हात थांबला.

"आबा, तुम्हाला खरंच कळलं नाही?"

"काय?"

"ती तुमची चूक काढत नव्हती. तिला तिचे डॅड हरायला नको होते. तुम्ही नुसतं 'असेल' म्हणाला असतात, तर ती तीस धरायला तयार होती."

मी पाय आखडून घेतला. मला कळलं ते असं, की तिनं दार ढकलून किलकिलं केलं होतं आणि माझ्या ताठ्यानं ते परत लावलं. मोजणी बरोबर होती. माझी एवढीच चूक, की मला कोणी मोजणी विचारतच नव्हतं.

रविवारी लेक जेवायला आली. म्हाताऱ्यानं गॅरेजला कुलूप लावलं होतं. मटण वाढलं, कुमारा वाढला. हवा कशी आहे ते बोलला. रग्बीचं बोलला. लेक पण छान बोलली, भांडायला काही राहिलंच नव्हतं. मी ताटातलं मटण तसंच ठेवलं. वैशाली माझ्याकडे बघेना.

दुसऱ्या रविवारी तेच. तो शब्दाला पक्का. मधेच एकदा त्यानं बोटानं टेबलावर मीठ सारून एक रेघ ओढली, मग एकदम लक्षात आलं तसा हात मांडीवर घेतला. लेकीनं ते बघितलं.

त्या आठवड्यात मी वैशालीकडून एक वाक्य पाठ करून घेतलं. 'आय मे बी राँग.' मागच्या दारात म्हाताऱ्याकडे गेलो. तो पायरीवर नुसता बसला होता. बसून विचार करणारी माणसं ज्याला खपत नव्हती तो. मी समोर उभा राहिलो, तोंड उघडलं, आणि ते वाक्य बाहेर येईना. आलं ते असं, "मालक, ट्वेंटी सेव्हन इज गुड. सेव्हन्टी थ्री इयर, ट्वेंटी सेव्हन इज व्हेरी गुड."

त्यानं माझा हात थोपटला. "स्वीट अ‍ॅज, आबा," म्हणाला. तिकडं झकास म्हणायचं असलं की असं म्हणतात, पण त्यात काही गोडी नव्हती.

तिसरा रविवार पण तसाच गेला. म्हातारा आता रग्बीचंही बोलत नव्हता. नुसतं हे घे, ते घे. बाप लेकीला वाढतो तसं वाढत होता, पण पाहुण्याला वाढतात तसं वाटत होतं.

चौथ्या रविवारी लेकीनं जेवता जेवता काटा खाली ठेवला.

"डॅड," ती म्हणाली, "सत्तावीस धरले तर ती मोठी नदी कुठं जाईल?"

म्हातारा तिच्याकडे बघत राहिला. ओठ घट्ट मिटलेले. वैशालीनं माझ्या कानात भाषांतर केलं.

"मी विचारतेय," लेक म्हणाली. "मी विचारलं तर बोलायचं."

"तुझा विश्वास नाही."

"नाही. अजिबात नाही. हे लिहून ठेव. नदी कुठं जाईल?"

म्हाताऱ्यानं ताट बाजूला सारलं. "पूर्वेला."

"पूर्वेला गेली तर ते शहर पाण्याखाली जाईल."

"जाऊ दे. ते शहर मला कधीपासून चुकीचंच वाटत होतं."

"काय?" लेक उभीच राहिली. "त्या शहरावरून तू माझ्याशी दोन वर्षं भांडलास!"

"तू भांडत होतीस म्हणून."

"मी? मी भांडत होते?"

तो खिशात किल्ली शोधत दाराकडं निघाला, ती त्याच्या मागून बोलत बोलत निघाली, आणि थोड्या वेळानं गॅरेजमधून दोघांचा असा आवाज चढला की शेजारच्या घराची खिडकी उघडली. माझा मुलगा दचकला. वैशाली उठायला लागली. "आबा, जाऊन थांबवायला पाहिजे त्यांना."

"बस खाली," मी म्हटलं. "भांडू दे. आणि ते मटणाचं भांडं इकडं कर. तीन रविवार मी धड जेवलेलो नाही."